बुधाजीच्या ट्रकवरची तीन एरियलं

माझ्याबद्दल लालबागेत एक गैरसमज पसरलेला आहे, की मी ऐन पाडव्याच्या दिवशी भर रस्त्यात ट्रामगाड्या अडवून धरल्या. मी एकही ट्राम अडवली नाही. ट्राम अडवल्या बुधाजीच्या ट्रकने, ट्रक अडला गुढीमुळे, आणि गुढी उभारली होती माझ्या बायकोने. माझा संबंध एवढाच, की ज्या काठीवर ती गुढी होती ती काठी मुळात माझं एरियल होतं, आणि ते एरियल संपूर्णपणे शास्त्रशुद्ध होतं. हे मी त्या दिवशी हवालदारालाही समजावून सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं नाही, याचा दोष मी पोलीस खात्याच्या शिक्षणपद्धतीला देतो.

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर गंगुबाईंची खाणावळ होती. बायकापोरं कोकणात ठेवून आलेले गिरणीतले गडी त्यांच्याकडे दोन वेळा जेवत. अर्ध्या लालबागेने त्यांच्या हातची माशाची आमटी खाल्लेली आहे. आता त्यांचे हात थकले होते, खाणावळ दुसऱ्या बाईकडे सोपवून झाली होती, आणि पाडवा झाला की बोटीने कायमचं गावाला जायचं ठरलं होतं. पुतण्या तिकडे वाट पाहत होता. पण गंगुबाईंचं मन निघत नव्हतं. कुणी विषय काढला की त्या म्हणायच्या, "थय कोण आसा माका? आवस गेली, घर बंद. जातंय आपली, जावक होया म्हणान." आवस म्हणजे आई. आणि पदराने उगाच पाटाची धूळ झटकायच्या.

अशात एक दिवस बायकांची जुनी गाणी गोळा करायला रेडिओवरची मंडळी कामगारवस्तीत आली. महिला मंडळाच्या खोलीत त्यांनी यंत्र मांडलं आणि गंगुबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. जातं नव्हतंच. मुंबईला आल्यापासून त्यांचं जातं सुटलं होतं, कारण इथे चक्कीचं पीठ मिळे आणि चाळमालकाची 'जमिनीला हादरे बसतात' ही नोटीस होती. तेव्हा त्यांनी रिकामा हात गोल गोल फिरवत ओव्या म्हटल्या. मंडळी खूश झाली. पाडव्याला दुपारी चार वाजता बायकांच्या कार्यक्रमात लावू, असं सांगून गेली.

"माका आयकूक मेळतला?" गंगुबाईंनी विचारलं. सगळी चाळ माझ्याकडे बघायला लागली, कारण चाळीत रेडिओ एकट्या माझ्याकडे होता. मी म्हणालो, "गंगुबाई, तुमचा आवाज तुम्हाला मी ऐकवीन. शब्द दिला." माणसाने शब्द देताना आधी रेडिओकडे एकदा बघायला हवं होतं, असं आमची उर्मिला नंतर म्हणाली. उर्मिला माझी पत्नी. तिला नंतर पुष्कळ सुचतं.

माझा रेडिओ उत्तम आहे. फक्त आमची गल्ली एका टोकाला गिरणीच्या भिंतीला टेकलेली आणि दुसऱ्या टोकाला ट्रामच्या रस्त्यावर उघडणारी, त्यामुळे ट्राम गेली की त्यातून कढईत मोहरी टाकल्यासारखा आवाज येतो. आणि ट्राम सारख्या जात असतात. निवडणुकीच्या निकालाच्या वेळी चाळीचे दीडशे कान माझ्या दारात लागले होते. बातमीचा मधला भाग ट्रामने खाल्ला, मी शेंडी आणि शेपूट जोडून संयुक्त महाराष्ट्र समितीचा उमेदवार निवडून आल्याचं जाहीर केलं, आणि चाळीने फटाक्यांची माळ लावली. तो पडला होता. तो मागच्याच गल्लीत राहायचा. फटाके ऐकून तो बिचारा गॅलरीत आला आणि आमच्याकडे ज्या नजरेने बघत राहिला ती मी विसरलेलो नाही. तेव्हापासून चाळीत माझ्या रेडिओबद्दल बोलताना लोक गालात हसत. प्रश्न गंगुबाईंचा होता तसा माझ्या अब्रूचाही होता.

मेव्हण्याचा सल्ला घ्यावा लागला. श्यामकांत गिरगावात राहतो, रेडिओ दुरुस्त करतो, आणि मला 'भावोजी' म्हणताना आवाज असा काढतो की त्यात मान कमी आणि कीव जास्त असते. त्याने माझा रेडिओ उघडला, बंद केला आणि म्हणाला, "भावोजी, दोष रेडिओत नाही, जागेत आहे. ट्रामच्या तारेवर ठिणग्या उडतात त्या तुमच्या रेडिओत येऊन बोलतात. ट्राम नाही अशा ठिकाणी जा, सुईसारखं स्वच्छ ऐकू येईल. शिवडीच्या खाडीकडे जा. माझ्याकडे मोटारच्या बॅटरीवर चालणारा सेट आहे, तो देतो. पण सांभाळा, जपानी माणसासारखा नाजूक आहे." त्याने आयुष्यात एकही जपानी माणूस पाहिलेला नाही.

उर्मिलेने सुचवलं, की दादरच्या तिच्या मावसबहिणीकडे रेडिओ आहे, आतल्या गल्लीत घर आहे, गंगुबाईंना तिथे नेऊन बसवावं, चहा प्यावा आणि यावं. ही सूचना मी फेटाळली. शब्द मी दिला होता, मावसबहिणीने नव्हे. शिवाय गंगुबाईंना ऐकवायचं म्हणजे त्यांच्या हातचं जेवलेल्या सगळ्या चाळीला ऐकवायचं, आणि मावसबहिणीच्या दिवाणखान्यात चपला बाहेर काढूनसुद्धा दहाच माणसं मावतात. बॅटरीचा सेट आणि सगळी चाळ एका वेळी जाऊ शकेल असं वाहन एकच होतं, बुधाजीचा ट्रक.

बुधाजी वरच्या मजल्यावर राहायचा आणि कॉटन ग्रीनच्या वखारीतून गिरण्यांना कापसाच्या गासड्या पोचवायचा. लढाई संपल्यावर लष्कराने जुनी वाहनं फुंकून टाकली त्या डिस्पोजलमध्ये त्याला हा ट्रक मिळाला होता. बॉनेटवर 'श्री रवळनाथ प्रसन्न' असं लिहिलेलं होतं आणि त्या रंगाखालून लष्कराचा पांढरा तारा अजून डोकावत होता. ट्रक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून आलाय असं बुधाजी सांगे, आणि त्याचा आवाज ऐकला की लढाई अजून चालू आहे असंच वाटे. मी विचारल्याबरोबर बुधाजी म्हणाला, "गंगुबायचा मीठ खाल्लाय मी, भाऊ. ट्रक तुमचोच. तुमी एरियल लावा नायतर देऊळ बांधा."

बॅटरीच्या सेटला उंच एरियल लागतं. एका एरियलने इतकं ऐकू येत असेल तर तीन एरियलांनी किती येईल, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब होता. पहिलं एरियल म्हणजे ट्रकच्या मधोमध उभा केलेला उंच वेळू, त्यावर तांब्याची तार. दुसरं, बॉनेटपासून मागच्या फळीपर्यंत ताणलेली आडवी तार. ती बांधल्याच्या दिवशीच बुधाजीची बायको रमाबाई तिच्यावर गोधड्या वाळत घालून गेली. तिसरं तात्यांचं. तात्या आमच्या शेजारच्या खोलीत राहतात, कोर्टात शिरस्तेदार होते, आणि कुठल्याही विषयावर निकाल दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांचं मत पडलं, की ध्वनी हा वरून पडतो, सबब त्याला झेलायला काहीतरी पसरट पाहिजे. त्यांनी स्वतःच्या जुन्या छत्रीचं कापड काढलं आणि सांगाडा टपावर उलटा बसवून दिला. उरलेल्या चाळीनेही सल्ले दिले. एकाने वेळूच्या टोकाला लिंबू-मिरची बांधा म्हणून सांगितलं आणि सांगून न थांबता बांधली.

आता मी कायदा पाळणारा माणूस आहे. रेडिओला परवाना लागतो, म्हणून पोस्टात गेलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, "सेट राहत्या जागी आहे ना?" मी म्हणालो, ट्रकवर आहे. तो म्हणाला, मग ट्रक राहती जागा असल्याचं सिद्ध करा. बुधाजी म्हणाला, उन्हाळ्यात मी त्यातच झोपतो. "मग भाडेपावती आणा," कारकून म्हणाला. तिथून उंच वाहनांच्या परवानगीला दुसऱ्या कचेरीत गेलो. तिथे खिडकीतल्या गृहस्थांनी मालाचा प्रकार विचारला.

"ओव्या," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी शांतपणे यादीत बोट फिरवलं. गवत होतं, कापूस होता, लाकूड होतं. "ओव्या नाहीत यात. वजन किती भरेल?"

मी म्हणालो, तसं वजन नसतं. "मग गवतात घालतो," ते म्हणाले, "पण ट्रामच्या तारेखालून जाताना वेळू आडवा झाला पाहिजे. आडवा होत नसेल तर परवानगी नाही." या वाक्यातून माझा शोध जन्माला आला. मी वेळूच्या बुडाला लोहाराकडून एक भक्कम बिजागरी बसवून घेतली. दोरी सोडली की वेळू नमस्कार घातल्यासारखा आडवा व्हायचा, ओढली की सरळ. तार आली की आडवा, गेली की सरळ. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी हे चाळीला करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामकांतसुद्धा म्हणाला, "भावोजी, बिजागरी बरी आहे." वेळू उभा ठेवून मी समाधानाने झोपलो.

सकाळी न्हाऊन, कडुनिंब चघळत खाली आलो तर माझ्या एरियलला साडी नेसवलेली होती. साडीवर साखरेची गाठी, झेंडूचा हार, कडुनिंबाचा डहाळा, आणि टोकाला लखलखणारा पालथा तांब्या. खाली ट्रकच्या फळीवर रांगोळी. चाळीतल्या सगळ्या बायका भोवती उभ्या राहून हळदकुंकू वाहत होत्या. साडी माझ्या ओळखीची निघाली. ती उर्मिलेची लग्नातली पैठणी होती, जिला मी हात लावला तरी ती 'हात धुतलेत का' असं विचारते.

"अहो, इतकी उंच काठी आयती उभी असताना ती पाडव्याला रिकामी ठेवायची?" उर्मिला म्हणाली. "बुधाजीभावजींचा धंदा आहे ट्रकवर. रमाबाई म्हणाल्या, यंदा ट्रकचीच गुढी उभारू."

"फारच छान," मी म्हणालो. "आता उतरवा. तीनला निघायचंय."

असं म्हटल्यावर तिथे जी शांतता पसरली ती मी कचेरीत साहेबाला नाव घेऊन हाक मारली असती तरी पसरली नसती. मग रमाबाई म्हणाल्या, "सूर्य बुडल्याशिवाय गुढी उतरवूक नाय. वरसभराचो धंदो बसात. तुमचो रेडियो काय आमका जेवक घालतलो?" बुधाजी म्हणाला, "भाऊ, बाकी काय पण सांगा. गुढी वाकवूची नाय." हा तोच बुधाजी, ज्याने मला देऊळ बांधायची परवानगी दिली होती.

मी बिजागरीकडे बघितलं. बिजागरी माझ्याकडे बघत होती. गुढी उतरवायची नाही, वाकवायची नाही, आणि ट्रामच्या तारेखालून गेल्याशिवाय गल्लीबाहेर पडता येत नाही. ओट्यावर गंगुबाई बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसून ठेवलं होतं. त्या नुसतं म्हणाल्या, "ऱ्हवांदे, भाऊ. आपलो आवाज आपण आयकान काय करूचा?" हे त्या अशा सुरात म्हणाल्या, की मला ट्रक उचलून डोक्यावर घ्यावासा वाटला.

प्रकरण तात्यांपुढे गेलं. गुढी उभी असताना ट्रक हलवावा की न हलवावा? तात्यांनी खुर्ची मागवली, चष्मा पुसला. "गुढी कुठे उभारतात?" त्यांनी विचारलं. सगळे म्हणाले, दारात. "ही कुणाच्या दारात आहे?" ट्रकच्या. "ट्रक हलला तर दार हललं. दार हललं तरी गुढी दारातच राहिली. सबब गुढी हलली नाही." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. निकाल बिनतोड होता. मात्र तात्यांनी अटी घातल्या. गुढी सूर्यास्तापर्यंत कुठेही वाकता कामा नये, गुढीखाली चपला चालणार नाहीत, आणि गुढीला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. दुसऱ्या अटीमुळे बुधाजी अनवाणी ट्रक चालवायला बसला. ब्रेकची पट्टी उन्हाने तापलेली होती, त्यामुळे तो ब्रेक लावायचं शक्यतो टाळत होता, हे आम्हाला पुढे कळलं.

राहिला तारेचा प्रश्न. मी घाबरलो नाही. वेळू, तांब्या आणि ट्रक मिळून तारेच्या वीतभर वर जात होते, आणि वीतभर म्हणजे काय मोठं? लष्करी ट्रकची चाकं मोठी असतात, त्यांतली हवा काढली. ट्रक खाली बसला. अजून चार बोटं कमी पडत होती. तेव्हा मला दुसरी कल्पना सुचली, ती म्हणजे माणसं भरायची. वजनाने कमानी दबतात. मी ओट्यावर उभा राहून चाळीकडे त्या दृष्टीने पाहिलं आणि सगळ्यांत आधी रमाबाईंना वर बसायला सांगितलं. का, ते त्यांना कळलं, आणि त्या माझ्याशी पुढे आषाढापर्यंत बोलल्या नाहीत. तात्यांना मी म्हणालो, तुम्ही नाही आलात तरी चालेल, तुमचा उपयोग नाही. शब्दांची निवड चुकली असेल, पण तात्या हे त्यांच्या छत्रीच्या कापडाइतकेच वजनाचे आहेत ही वस्तुस्थिती आहे. ते चिडून सगळ्यांच्या आधी चढले. शेवटी ट्रकमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती आणि तांब्या तारेच्या बरोब्बर खाली येत होता. मधल्या जागेत, सेटच्या शेजारी पाटावर, गंगुबाई बसल्या होत्या.

आम्ही निघालो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून नमस्कार करायला लागले. ते दिवस असे होते, की ट्रकवर काहीही उंच दिसलं की माणसाचा हात आपोआप वर जायचा. कुणीतरी "संयुक्त महाराष्ट्र" म्हणालं, आणि फुटपाथने "झालाच पाहिजे" म्हणून उत्तर दिलं. एक धोतरवाला मागची फळी धरून वर चढायला लागला. म्हणाला, वक्ता आहे, पाच मिनिटं बोलतो आणि उतरतो. मी त्याला सांगितलं, ही सभा नाही. तो म्हणाला, "मग इतकी माणसं कशाला भरलीत?" मी म्हणालो, वजनाला. तो उतरला.

रस्त्यावर जायच्या आणि यायच्या ट्रामचे दोन रूळ, आणि दोन्हींवर एकेक तार. श्यामकांतने सावधगिरी म्हणून सेटपासून एरियलची तार सोडून घेतली होती. "तारेत वीज आहे, भावोजी. तांब्या लागला तर आपण सगळे एकदम गुढीसारखे उभे राहू." बुधाजीने ट्रक गोगलगायीच्या वेगाने पुढे काढला. सगळ्या चाळीच्या माना वर झाल्या. तांब्या पहिल्या तारेखालून गेला, मध्ये दोन बोटांची जागा सोडून. मी उर्मिलेकडे असं पाहिलं, की शब्दांची गरज नव्हती.

आणि ट्रक बंद पडला. पुढची बसकी चाकं दुसऱ्या रुळाला अडली, इंजिनाने एक आचका दिला आणि ब्रह्मदेशाची लढाई संपली. बुधाजीने बटण दाबलं. काही नाही. सकाळपासून श्यामकांत 'सेट तपासतो' म्हणून ट्रकच्याच बॅटरीवर नाट्यसंगीत ऐकत बसला होता, त्यामुळे बॅटरी उतरली होती. "सेटला पुरेल, ट्रकला पुरायची नाही," तो म्हणाला, आणि बाकी काही न बोलता मुकाट्याने एरियलची तार पुन्हा सेटला जोडायला लागला. वेळू आता बरोबर दोन तारांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा होता.

डावीकडून एक ट्राम आली आणि थांबली. उजवीकडून एक आली, थांबली. त्यांच्या मागे आणखी. घंटा वाजायला लागल्या. कंडक्टर खाली उतरले, उतारू उतरले, फुटपाथवरचे लोक घोषणा देत होतेच, ते पुढे आले. गर्दीतून वाट काढत हवालदार आला. "कोण आहे पुढारी?" तो म्हणाला. सगळ्या चाळीने माझ्याकडे बोट केलं. यापूर्वी मला त्या चाळीत कधी कुणी पुढारी म्हटलेलं नव्हतं.

"हवालदारसाहेब," मी म्हणालो, "हे मूलतः एरियल आहे."

"काय असंल ते आडवं करा आन् गाडी काढा."

"आडवं होतं. बिजागरी आहे. पण करता येत नाही, कारण आज त्याची गुढी आहे." हवालदाराने वर पाहिलं. पैठणी वाऱ्यावर फडफडत होती. त्याचा हात नकळत टोपीकडे गेला, मग त्याला आपली नोकरी आठवली. "मग हँडल मारा," तो बुधाजीला म्हणाला. "लवकर. मागं परळपातुर ट्रामी तटल्यात."

बुधाजीने सीटखालून हँडल काढलं. तेवढ्यात श्यामकांतने सेटची कळ फिरवली, आणि मी माझ्या आयुष्यात त्या गल्लीच्या आसपास कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. सेटमध्ये खरखर नव्हती. नावालासुद्धा नव्हती. मोहरीचा एक दाणा तडतडत नव्हता. निवेदिकाबाई शेजारी बसून बोलाव्यात तशा बोलत होत्या, की यानंतर ऐकू या लालबागच्या गंगुबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या.

"ट्राम उभ्या आहेत ना," श्यामकांत हळूच म्हणाला. "ठिणगीच नाही. शिवडीला जाऊन याहून स्वच्छ आलं नसतं, भावोजी."

बुधाजी हँडल घेऊन पुढे निघाला होता. इंजिन सुरू झालं, की ट्रक ओरडणार, ट्राम सुटणार, आणि पुन्हा तेच. मी त्याला म्हणालो, "बघू जरा." त्याने विश्वासाने हँडल माझ्या हातात दिलं. मी ते फळीवर ठेवलं आणि त्याच्यावर बसलो. इतकी वर्षं मी सरकारी नोकरीत आहे, पण सरकारी माणसाच्या समोर असं मी कधी केलेलं नाही.

"हँडल कुठं गेलं?" हवालदार ओरडला.

"शोधतोय," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

घंटा मात्र वाजतच होत्या, घोषणा चालू होत्या. मग मी उठलो नाही, पण हात वर केले आणि बोललो. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या सगळ्या वर्षांत लालबागच्या रस्त्यावर याहून छोटं भाषण झालं नसेल. मी म्हणालो, "बंधूंनो, आपल्या गंगुबाई रेडिओवर गातायत. गप्प बसा." खाणावळीतले जुने गडी त्या गर्दीत होते, ट्रामवर होते, एक तर कंडक्टरच होता. "आमच्या गंगुबाय?" तो म्हणाला, आणि त्याने मागे हात करून ड्रायव्हरला खूण केली. घंटा थांबल्या. सगळा रस्ता थांबला. माणसांनी भरलेला लालबागचा रस्ता शांत झालेला मी तेवढा एकदाच पाहिला.

आणि आवाज आला. थोडा कापरा, थोडा खरबरीत, पण खणखणीत.

*जात्याच्या तोंडी घालू मुठीमुठीने दाणे गो,*
*आवशीने दिले माका गळ्याच्या आत गाणे गो...*

मी गंगुबाईंकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि हवेत गोल गोल फिरत होता. डोळे सेटवर लागले होते. एक ओवी झाली, दुसरी झाली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं, पण तिथे नुसतं आश्चर्य होतं. त्यांनी उर्मिलेचा हात घट्ट धरला.

"ही आवस," त्या म्हणाल्या. "माजी आवस गाता."

"गंगुबाई, अहो, या तुम्हीच," मी म्हणालो. "तुमचा आवाज आहे हा."

"गप ऱ्हवा, भाऊ. माका कळता. पहाटे उठान दळी तेवा असाच गायची. हीच ती." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हात मात्र फिरतच राहिला. आपला आवाज त्यांनी आयुष्यात कधी बाहेरून ऐकलेला नव्हता. बाहेरून ऐकलेला असा आवाज त्यांना एकच माहीत होता.  तात्यांनी चष्मा काढला होता आणि या प्रकरणी त्यांनी काही निकाल दिला नाही. हवालदार टोपी काखेत धरून उभा होता.

ओव्या संपल्या. निवेदिकाबाई लोणच्याबद्दल बोलायला लागल्या, तसा श्यामकांतने सेट बंद केला.  गंगुबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला विचारलं, "परत कधी गातली ती?"

माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं. कार्यक्रम पुन्हा लागणार नव्हता, हे मला माहीत होतं, आणि ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो अजून फिरायचा थांबला नव्हता.

"तुम्ही जात्यावर बसाल तेव्हा," मी म्हणालो.

 गंगुबाईंनी हाताकडे पाहिलं, तो मांडीवर ठेवला आणि हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या मनापासून हसल्या.

"मगे जातंय मी गावाक," त्या म्हणाल्या. "आवशीचा जातां थयच आसा."

हवालदाराने टोपी डोक्यावर चढवली आणि खाकरला. "साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "हँडल गावलं का?"

"सापडलं," मी म्हणालो, आणि उठलो.